बैठकांचे वेळापत्रक आणि रिकाम्या वाड्या

पेण-रोह्यातील दारिद्र्यनिर्मूलन यंत्रणेपुढे स्थलांतराचा पेच

खास प्रतिनिधी, पेण

ग्रामसंघाची बैठक म्हटली की तिची विषयपत्रिका ठरलेली असते. मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे, गटनिहाय बचतीचा आढावा, थकीत परतफेड, बँकेकडे पाठवावयाचे कर्जप्रस्ताव, पुढील प्रशिक्षणाची तारीख आणि शेवटी 'आयत्या वेळचे विषय'. पेण आणि रोहा तालुक्यांतील गावोगावच्या समाजमंदिरांत, अंगणवाडीच्या खोल्यांत किंवा एखाद्या सदस्येच्या ओसरीवर या बैठका भरतात. गटांचे मिळून ग्रामसंघ, ग्रामसंघांचे मिळून प्रभागसंघ आणि त्यावर तालुका, जिल्हा व राज्य अभियान कक्ष अशी ही उतरंड आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण दारिद्र्यनिर्मूलनाचा सर्वांत मोठा कारभार आज याच उतरंडीतून चालतो.

या कारभाराचे मोजमाप हजेरीपत्रकावर होते आणि नेमकी तेथेच गोम आहे. दिवाळी सरली की दोन्ही तालुक्यांतील कातकरी वाड्यांमधील घरे एकामागून एक बंद होऊ लागतात. काही दारांना कुलूप लागते. आत कुलूप लावण्याजोगे काही नसेल, तर दार नुसते ओढून घेतले जाते. माणसे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात, कोळसा पाडण्याच्या कामासाठी घाटावर, कधी थेट कर्नाटकापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दर आठवड्याच्या बैठकीवर उभी असलेली यंत्रणा आणि वर्षातील सहा-सात महिने गावाबाहेर असलेले कुटुंब यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न ग्रामसंघाच्या विषयपत्रिकेवर सहसा येत नाही. ज्यांनी तो मांडायचा, त्या त्या वेळी भट्टीवर असतात.

अनुदानाकडून बैठकीकडे

गरिबी हटविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, ही कल्पना नवी नाही. १९७८-७९ मध्ये सुरू झालेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत लागू झाला आणि तो राबविण्यासाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा उभ्या राहिल्या. त्या काळी लाभार्थी एकटा असे. शेळ्या, म्हैस, बैलजोडी यांसाठी अनुदान आणि बँकेचे कर्ज मिळे. जनावर मेले किंवा विकले गेले की योजना संपे, कर्ज तेवढे उरे. १ एप्रिल १९९९ रोजी आलेल्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने भर एकट्या लाभार्थ्यावरून गटाकडे नेला. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाले. त्याचेच राज्यातील रूप म्हणजे 'उमेद'. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणांच्या प्रशासनासाठीची केंद्राची स्वतंत्र योजना १ एप्रिल २०२२ पासून बंद झाली. जिल्हा परिषदेतील प्रकल्प संचालक हेच अभियानाचे जिल्ह्यातील प्रमुख म्हणून काम पाहतात.

याच्या समांतर १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, आपल्या गटांचे जाळे सांभाळून आहे. दोन खात्यांच्या दोन यंत्रणा एकाच गावात गट बांधत असल्याची तक्रार जुनीच आहे. परंतु दोहोंचा पाया एकच: स्त्रियांनी नियमित एकत्र बसावे, बचत करावी, हिशेब लिहावा.

'उमेद'च्या दशसूत्रीतील पहिली पाच सूत्रे हेच सांगतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत दप्तर. पुढील पाच सूत्रे आरोग्य, शिक्षण, पंचायतीतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका यांची आहेत. राज्यात आज सहा लाखांच्या घरात गट असून साठ लाखांच्या आसपास कुटुंबे त्यांच्याशी जोडलेली आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला शिस्त लागते, आणि साप्ताहिक बैठक ही ती शिस्त आहे. तिने बरेच साधले, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीला बँकेच्या दारात कोणी उभे केले नसते, तिच्या गटाला आज विनातारण कर्ज मिळते.

जेथे गणित जमते

पेण शहर आणि त्याच्या आजूबाजूची गावे पाहिली, तर या यंत्रणेची जमेची बाजू चटकन दिसते. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हमरापूर, जोहे परिसरात घरोघरी मूर्तिकाम चालते. रंगकामात, आखणीत स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने असतात. पेणचे पोह्याचे पापड मुंबईच्या वाण्याच्या दुकानात नावाने मागितले जातात. अशा ठिकाणी काम घरी किंवा हाकेच्या अंतरावर असते, मालाला गिऱ्हाईक आहे आणि ठरलेल्या दिवशी दुपारी तासभर बसणे शक्य असते. गट टिकतो, बँकेचे एक कर्ज फिटून दुसरे मिळते. रोह्यातही धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने किंवा कोलाड-नागोठण्याच्या बाजारपेठांवर ज्यांचे पोट आहे, त्या कुटुंबांचे पाय गावात रोवलेले असतात.

पैसे ठेवण्याच्या बाबतीत हा प्रदेश पोळलेला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. पुढे बँकेचा परवानाही रद्द झाला. त्यानंतरही स्त्रियांनी गटात दर आठवड्याला वीस-पन्नास रुपये टाकणे सोडले नाही. याचे श्रेय समोरासमोर होणाऱ्या बैठकीला द्यावे लागेल. पैसा कोणाकडे आहे आणि कोणी नेला, हे तेथे सर्वांसमक्ष कळते.

केंद्राने २०२३ मध्ये 'लखपती दीदी'ची घोषणा केली, तेव्हा दोन कोटी स्त्रियांचे उद्दिष्ट होते. पुढे ते तीन कोटींवर नेण्यात आले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न लाख रुपयांवर नेण्याचे हे लक्ष्य गाठायचे, तर यंत्रणा साहजिकच जेथे पापड विकले जातात आणि मूर्ती रंगतात तेथे अधिक वेळ देणार. त्यात वावगे काही नाही. मात्र त्याच तालुक्याच्या डोंगरउतारावरील वाडी त्या आकड्यात कोठे बसते, हे विचारायला हवे.

सहा महिन्यांची अट, पाच महिन्यांचा मुक्काम

कातकरी हा केंद्राने विशेष दुर्बल ठरविलेल्या आदिम जमातींपैकी एक. महाराष्ट्रातील अशा तीन जमातींत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह त्याची गणना होते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात कातकरींची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती आणि त्यांची मोठी वस्ती रायगड-ठाणे पट्ट्यात आहे. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल गेले, कात गेला आणि मजुरी उरली.

आता नियम पाहू. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गट किमान सहा महिने कार्यरत असावा, त्याने पंचसूत्री पाळलेली असावी आणि त्याचे मूल्यांकन झालेले असावे. मग तो बँक कर्जास पात्र ठरतो. पहिले कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. हे गणित गरिबाच्या बाजूचे आहे. समजा, दहा जणींचा गट आहे आणि प्रत्येकी आठवड्याला वीस रुपये बचत आहे. सहा महिन्यांत, म्हणजे सव्वीस आठवड्यांत, बचत होते अवघी ५ हजार २०० रुपये. तरीही बँकेने दीड लाख द्यावेत, अशी तरतूद आहे. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा हजार.

कातकरी वाडीत हा गट जूनच्या मध्यावर सुरू झाला असे धरले, तर दिवाळीपर्यंत जेमतेम वीस ते एकवीस आठवडे भरतात. सव्वीस व्हायला पाच-सहा आठवडे कमी पडतात. त्यानंतर दहापैकी आठ जणी भट्टीवर. पुढील जूनमध्ये त्या परततात तेव्हा दप्तरात सात महिन्यांचे कोरे पान असते आणि बँकेच्या लेखी गट निष्क्रिय झालेला असतो. पुन्हा श्रीगणेशा. पुन्हा वीस आठवडे.

अभियानाच्या मूळ आराखड्यात या समाजांचा विचारच झाला नाही, असे म्हणता येणार नाही. एरवी गटाला दहा ते वीस सदस्या लागतात. दुर्गम भाग, दिव्यांग आणि आदिम जमाती यांच्यासाठी पाच जणींचा गटही चालतो. परंतु वाडीत माणसे कमी आहेत, ही खरी अडचण नव्हेच. माणसे आहेत, ती बारमाही नाहीत.

उचल केव्हा घेतली जाते

वीटभट्टीचे अर्थकारण पावसाळ्यात सुरू होते. शेतातील लावणी संपली की मजुरी आटते, श्रावण-भाद्रपदात घरातील धान्य संपते, आजारपण येते, सण येतात. नेमक्या याच दिवसांत मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. ती घेतली की हंगामात त्या भट्टीवर जाणे बांधील होते. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. आठवड्याच्या खर्चीला मिळालेले पैसे वजा होतात आणि अनेकदा काही रक्कम अंगावर राहते, ती पुढील वर्षाच्या उचलीत मिळते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये उचल देऊन करून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या कामाकडे वेठबिगारीच्या दृष्टीने पाहण्यास सांगितले, त्यालाही चार दशके लोटली. मुकादमाची फेरी मात्र अजून चुकत नाही. त्याला मूल्यांकन लागत नाही, दप्तर लागत नाही, सहा महिने लागत नाहीत.

या उचलीला उत्तर ठरेल अशी तरतूद अभियानातच आहे, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब. ग्रामसंघाकडे 'जोखीम प्रवणता निधी' असतो. अन्नटंचाई, आजारपण, अचानक कोसळलेले संकट यांत अतिगरीब कुटुंबाला तातडीने हात देणे, हाच त्याचा हेतू. त्याखेरीज गटांसाठी फिरता निधी असून २०२३ मध्ये राज्य सरकारने तो १५ हजारांवरून ३० हजारांवर नेला. समुदाय गुंतवणूक निधीही आहे. पण ग्रामसंघात ज्यांचे गट टिकतात, त्यांचेच प्रतिनिधी बसतात. पैसे कोणाला द्यायचे, हे तेच ठरवितात. ज्या वाडीचा गट दर दिवाळीला मोडतो, तिच्यासाठी तेथे बोलणारे कोणी नसते. परतफेडीची धास्तीही असते आणि ती अगदीच अनाठायी नाही, कारण कर्ज घेणारी स्त्री महिनाभरात गाव सोडणार हे सर्वांना ठाऊक असते. जोखीम कमी करण्यासाठीचा निधी जोखीम नको म्हणून अडकतो, तो असा.

ग्रामसंघांनी या निधीचा विचार जुलै-ऑगस्टच्या बैठकीत, वाडीनिहाय आणि मुकादम येण्यापूर्वी केला, तर त्याचा अर्थ बदलतो. तीच रक्कम डिसेंबरात मंजूर झाली तर घेणारे दारात नसतात. यासाठी नवा शासन निर्णय लागावा असे दिसत नाही. प्रभागसंघाने आपले वार्षिक वेळापत्रक मुकादमाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिले, तरी आरंभ होईल.

चार ग्रामसभा, त्यांतील दोन

बैठकांचा हाच तिढा ग्रामपंचायतीतही आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्यांच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. प्रघाताने ठरलेल्या तारखा सर्वांना पाठ आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यांतील पहिल्या दोन तारखांना कातकरी वाडी भट्टीवर असते. म्हणजे वर्षातील निम्म्या ग्रामसभा तिच्या गैरहजेरीतच होतात.

येथे कायद्याची आणखी एक बाजू आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. शेजारच्या ठाणे, पालघर आणि पुणे जिल्ह्यांचे काही भाग त्यात आहेत. परिणामी 'पेसा' कायद्याखाली पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागण्याचा जो मार्ग पालघरच्या आदिवासींना मिळतो, तो पेण-रोह्याच्या वाडीला मिळत नाही. तिला महसुली गावाच्या ग्रामसभेतच बसावे लागते. बहुसंख्येने गावकरी, चर्चा गावातील रस्त्याची, आणि शेवटच्या रांगेत वाडीवरील चार-दोन जण, असे त्याचे स्वरूप होते. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. परंतु कार्यालय असणे आणि अधिकार असणे या भिन्न गोष्टी आहेत.

बचत गटांच्या संघांवर अलीकडच्या वर्षांत आणखी एक काम आले आहे. गावाचा दारिद्र्य निर्मूलन आराखडा तयार करून तो ग्रामसभेपुढे ठेवणे आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात समाविष्ट करून घेणे. ही मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. गटागटांतून मागण्या गोळा करायच्या, ग्रामसंघात त्या एकत्र करायच्या आणि ग्रामसभेत मंजूर करून घ्यायच्या, हा तिचा क्रम. वाडीची मागणी यात यायची असेल, तर तिच्यासाठी ऑक्टोबरचे तीन-चार आठवडेच उरतात. माहिती भरण्याचे काम नोव्हेंबर-डिसेंबरवर ढकलले गेले, तर आराखड्यात वाडी येते ती फक्त लोकसंख्येच्या रकान्यात.

घरबांधणीचेही तेच. आदिम जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात २४ हजार १०४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०२३-२४ ते २०२५-२६ अशी तीन वर्षांची मुदत होती. त्यात प्रत्येक घरासाठी दोन लाख रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने देण्याची रचना आहे. कोकणात बांधकाम करायचे ते पाऊस नसताना. पाऊस नसताना कुटुंब भट्टीवर. पाया झाला, जोते झाले, तर पुढचा हप्ता. ते दाखवायला घरमालक हवा. त्यातून अनेक वाड्या खासगी किंवा वनजमिनीवर वसलेल्या. जागेचा कागद नाही तेथे घराचा प्रस्ताव अडतो, आणि कागद मिळविण्यासाठी तालुक्याला खेटे घालायचे तेही पावसाळ्यातच. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. भूदानासाठी ते गावोगाव पायी फिरले. त्यांच्याच तालुक्यात घराखालच्या गुंठाभर जमिनीचा प्रश्न असा भिजत पडावा, हा योग विचित्रच.

भट्टीवर जाणारी बैठक

वाडी बैठकीला येऊ शकत नसेल, तर बैठकीने वाडीमागे जावे, ही कल्पना वरकरणी अव्यवहार्य वाटेल. पण तिला याच भागात आधार आहे. १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालविल्या. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती आईबापांबरोबर भट्टीवर असतात, हे ओळखून शाळाच भट्टीवर नेली गेली. गटाचे दप्तर, शिक्का आणि दहा बायका ही शाळेपेक्षा नेण्यास सोपी वस्तू आहे. एकाच वाडीतील कुटुंबे अनेकदा एकाच मुकादमाबरोबर, एकाच भट्टीवर जातात. तेथे महिन्यातून एकदा बसून बचत लिहिली आणि ती मूळ ग्रामसंघाने ग्राह्य धरली, तर सात महिन्यांचे कोरे पान उरणार नाही.

हे करणार कोण, हा मात्र खरा प्रश्न आहे. गावपातळीवर अभियानाचा गाडा ओढतात त्या समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गावच्याच सीआरपी ताई. त्यांचे मानधन २०२३ मध्ये तीन हजारांवरून सहा हजार रुपये झाले. तालुक्यापासून राज्यापर्यंतचे बरेचसे कर्मचारी कंत्राटी आहेत. कंत्राटांच्या नूतनीकरणावरून २०२० मध्ये असंतोष उफाळला. २०२४ मध्ये स्वतंत्र विभाग आणि कायम सेवेच्या मागणीसाठी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन झाले. ज्यांच्या स्वतःच्या पुढील वर्षाची शाश्वती नाही, त्यांनी कल्याणच्या भट्टीवर जाऊन रोह्याच्या वाडीचे इतिवृत्त लिहावे, अशी अपेक्षा करायची तर प्रवासखर्चाची तरतूद तरी हवी. जेथे वाडी जाते त्या तालुक्यातील कर्मचाऱ्यांवर ही जबाबदारी टाकणे अधिक सोपे. पण त्यासाठी दोन जिल्ह्यांच्या अभियान कक्षांनी एकमेकांच्या याद्या मान्य केल्या पाहिजेत.

या सगळ्यात तुलना अटळ आहे ती 'लाडकी बहीण' योजनेशी. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या खात्यावर दरमहा १५०० रुपये जमा करणारी ही योजना बैठक मागत नाही. खाते आणि आधार जुळले की पैसा भट्टीवरही पोहोचतो. बैठक नसल्यामुळे त्यातून गट उभा राहत नाही, हे खरे. परंतु कातकरी स्त्रीच्या दृष्टीने पाहिले, तर जी योजना तिच्या गावात नसण्याला दंड करीत नाही, ती अधिक विश्वासाची ठरते.

रोजगार हमीचेही येथे नाव घ्यावे लागते, कारण स्थलांतर थांबविण्याचे तेच मूळ हत्यार. राज्याच्या योजनेतून स्फूर्ती घेऊन २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि त्याने शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले, खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर आला आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा मिळाली. वाडीच्या दृष्टीने महत्त्व या आकड्यांना नाही, ते काम सुरू होण्याच्या तारखेला आहे. भाताची कापणी उरकल्यावर दिवाळीच्या आठवड्यात गावात काम सुरू झाले आणि मजुरी पंधरवड्यात हाती आली, तर उचल न घेतलेल्या कुटुंबाला थांबता येईल. ज्याने ती ऑगस्टमध्येच घेतली आहे, त्याला १२५ दिवसांची हमीही उपयोगाची नाही.

तेव्हा दोन्ही तालुक्यांतील प्रभागसंघांच्या दृष्टीने निर्णायक ठरतात त्या जुलै ते ऑक्टोबरमधील बैठका. जुलै-ऑगस्टमध्ये जोखीम प्रवणता निधीचे वाडीनिहाय वाटप, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत रोजगाराच्या कामांची आगाऊ मागणी, सप्टेंबरात घरांच्या जागांच्या कागदांचा आढावा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीची स्वतंत्र नोंद असलेला आराखडा. हे विषय त्या चार महिन्यांच्या विषयपत्रिकेवर लिहिले गेले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी कोणा अभ्यासगटाची गरज नाही. ग्रामसंघाची इतिवृत्त वही उघडली की पुरे.